भेटायला कोण गेलं होतं?

दार लावून घे. पंखा राहू दे. हजेरी आज शेवटी घेईन.

२३ नंबर आलेला नाही, म्हणूनच आज बोलतोय. तो समोर असता तर गप्प बसलो असतो. त्याचे वडील जाऊन आज १६ दिवस झाले. त्या रात्री वर्गाच्या ग्रुपवर ४१ वेळा ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडलं. त्या ग्रुपात मीही आहे, हे तुम्ही नेहमी विसरता. ते सगळे जोडलेले हात मी मोजले आणि वाटलं, पोरं शहाणी झाली. कुणी फोटो स्टेटसला लावला. एकाने तर फोटोपुढे समई तेवती ठेवून, मागे बासरी लावून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला. आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, स्वतःचं नाव टाकलं. वडील गेले कुणाचे, आणि व्हिडिओवर नाव कुणाचं, तर करणाऱ्याचं!

चौदाव्या दिवशी तो वर्गात आला. डोक्यावरचे केस काढलेले, टोपी घातलेली. तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसला. शेजारचा सरकला, मला वाटलं, जागा करून देतोय. तो लांब सरकला होता. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो, पण मास्तरांना पाठीलाही डोळे असतात. मधल्या सुट्टीत तो नळापाशी उभा राहून, भरलेली बाटली रिकामी करून पुन्हा भरत होता. तुम्ही ४५ जण व्हरांड्यात. एकही पाऊल त्या नळाकडे वळलं नाही. दोन दिवस आला. आज आला नाही.

सकाळी मी तुमच्यातल्या पाच-सहा जणांना अडवून विचारलं, भेटायला कोण गेलं होतं? एक म्हणाला, ‘सर, मेसेज टाकला होता.’ दुसरा म्हणाला, ‘मी पण टाकला सर, पण ब्लू टिक आली नाही.’ म्हणजे ज्याच्या घरातून बाप उचलून नेला, त्याने तुझा मेसेज उघडला नाही, ही तक्रार! तिसरी खाली मान घालून म्हणाली, ‘सर, गेल्यावर काय बोलायचं तेच कळत नव्हतं.’

ती तिसरी तेवढी खरं बोलली. आजचा तास तिच्या त्या वाक्यावर आहे. पुस्तक मिटा.

काय बोलायचं कळत नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला हसू येतं, कारण तुमच्याइतकी बोलकी पिढी मी २८ वर्षांत पाहिली नाही. सकाळी दात घासताना बोलता, जेवणाच्या ताटावर बोलता, एसटीच्या खिडकीत डोकं टेकवून उदास गाणं लावून बोलता. दुसऱ्या बाकावरच्या बाईसाहेबांना अकरा हजार फॉलोअर आहेत. स्वतःवर प्रेम कसं करावं हे त्या मोबाइलपुढे दीड मिनिट न अडखळता सांगतात. मी पाहिलंय, बोलणं चांगलं आहे. गेल्या महिन्यात प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेला मी त्यांना एवढंच म्हटलं, तू कशी आहेस ते पाच वाक्यांत सांग. उत्तर आलं, ‘फूडी, ट्रॅव्हलर, ओव्हरथिंकर, आईची परी.’ मी विचारलं, प्रवास कुठं कुठं केलास? महाबळेश्वर. सहावीच्या सहलीत. एकदा.

हसू नका. दात दाखवणाऱ्यांच्या बायोत काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. ‘एकटा वाघ’ असं लिहिणारा एक वाघ कँटीनमध्ये चहा सांगायलासुद्धा दोन मित्रांना बरोबर नेतो. दुसरा ‘कमी बोलतो, खरं बोलतो’. तो कमी बोलतो हे मात्र मान्य.

ती ‘फूडी, ट्रॅव्हलर’वाली मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. तिला खरोखरच वाटत होतं की आपण म्हणजे ते चार शब्द. ‘मला राग आला की मी भांडी आपटते’, ‘आजोबांशी माझं पटत नाही पण त्यांची गोळी मी चुकवत नाही’, असं एखादं वाक्य तिला सुचलं नाही, कारण असल्या वाक्याला बायोत जागा नसते. जे दाखवता येत नाही ते आपण आहोत, याचाच विसर पडलाय.

अकरावीला मी तुम्हाला चार्ल्स कूली शिकवला. मिशिगन विद्यापीठातला प्राध्यापक, १९०२ सालचं पुस्तक, आरशातली प्रतिमा. चार मार्कांना तुम्ही तो लिहून आलात, तिन्ही मुद्दे क्रमाने: समोरच्याला मी कसा दिसतो याची मी कल्पना करतो, तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल याची कल्पना करतो, आणि त्यावरून मला अभिमान वाटतो किंवा लाज. उत्तर बरोबर, मार्क पूर्ण. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांना दिला आणि दहावा खास पढतमूर्खांना दिला, तो तुमच्यासाठी राखून ठेवलेला होता बहुतेक.

कूलीचा आरसा काचेचा नव्हता रे. तो माणसाच्या तोंडाचा होता. तुम्ही बोलता बोलता आईच्या कपाळाला आठी पडते, मित्राची नजर दुसरीकडे जाते, आजीचा हात हळूच गुडघ्यावर येतो. यावरून कळतं की आपण आता लागेल असं बोललो, आपण आता कंटाळा आणला, आपण आता बरं केलं. असं हजार वेळा होतं तेव्हा कुठे माणसाला आपण कोण याचा थोडा अंदाज येतो. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने लाइकचं बटण आणलं. तुम्ही तेव्हा भिंतीला धरून चालायला शिकत होता. त्या दिवसापासून आरसा कपाळावरची आठी दाखवेनासा झाला आणि आकडा दाखवायला लागला. ८२. १४०. काल १४० होते, आज ६०, म्हणजे मी काल बरी होते आणि आज नाही! कशामुळे, ते आकडा सांगत नाही. चुकलं कुठे, ते सांगत नाही. मग त्याच्यावरून स्वतःला ओळखणार कसे?

आपल्या चौकातले फ्लेक्स बघा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, मधे गॉगल लावलेला दादा, खाली चाळीस शुभेच्छुकांची गोल तोंडं, आणि दादाच्या मागे कुठल्या तरी परदेशातलं धबधब्याचं चित्र. त्याला तुम्ही हसता. तुमच्या खिशात काय आहे? खिशातलाच फ्लेक्स तो. फरक एवढाच की नगरपालिकेचे लोक तो उतरवायला येत नाहीत.

हं, सोंग सगळेच घेतात, मीही घेतो. घरी मी असा खेकसत नाही. एर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर राहून माणसांचं निरीक्षण केलं आणि १९५६ साली पुस्तक लिहिलं. तिथल्या हॉटेलात जेवणघरात अदबीने वाढणारी माणसं स्वयंपाकघराच्या दाराआड गेली की वेगळी होतात, हे त्याने टिपलं. त्याचं म्हणणं सोपं आहे. माणसाला रंगमंच लागतो तसा पडद्यामागचा भागही लागतो, जिथे मिशी काढून ठेवता येते. आपल्याकडे ही जागा माजघरात होती, ओट्यावर होती, नदीवर धुणं धुताना होती, हॉस्टेलच्या गच्चीवर होती. तुम्ही तिथेही कॅमेरा नेलात. ‘बिहाइंड द सीन्स’ म्हणून तेही टाकता, रडतानाचा फोटोसुद्धा उजेड बघून काढता. मग मिशी काढायची कुठे? त्यासाठी दुसरं अकाउंट उघडता, त्यात निवडक अठरा जण, म्हणजे आणखी एक रंगमंच, लहान थिएटर. आणि ज्याने स्वतःला कधी बिनमिशीचं पाहिलंच नाही, तो दुसऱ्याच्या उघड्या, रडून सुजलेल्या तोंडापुढे उभा राहील कसा? तो लांबच सरकणार. तिसऱ्या बाकावर तेच झालं.

सगळा दोष तुमच्या माथी मारणार नाही. तुमची जवळजवळ अख्खी सातवी आणि आठवीचा बराच काळ घरात गेला. ज्या वयात पोरं एकमेकांची टोपणनावं ठेवतात, मारामाऱ्या करतात, दोन दिवस अबोला धरतात आणि तिसऱ्या दिवशी एकाच बाटलीतून पाणी पितात, त्या वयात तुम्ही काळ्या चौकोनात बसला होता, कॅमेरा बंद, माइक बंद. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केले. शाळा बंद आणि हे दुकान उघडं. आम्ही मोठ्या माणसांनीच तो मोबाइल तुमच्या हातात दिला, अभ्यासासाठी म्हणून. ते कबूल. पण त्याला पाच वर्षं झाली. आता तुम्ही मतदानाच्या उंबऱ्यावर आहात.

आता पाचव्या बाकावरच्या दोघींचं सांगतो. नावं घेत नाही, मान वर करू नका. पाचवीपासूनच्या मैत्रिणी. चार महिने बोलत नाहीत. कारण मी शोधून काढलं. एकीने लिहिलं, ‘मी आज येत नाहीये.’ दुसरीने उत्तर दिलं, ‘बरं.’ पुढे पूर्णविराम. पूर्णविरामाचा अर्थ राग असा घेतला गेला. जिने ‘बरं.’ लिहिलं ती तेव्हा एका हाताने भावाला वरण-भात भरवत होती.

‘बरं’ हा शब्द घ्या. मराठीत याच्याइतका मालदार शब्द मला दुसरा माहीत नाही. आई ‘बरं’ म्हणते तेव्हा ते ‘बरं’ आहे की ‘बऽरं’ आहे की ‘बरं बरं’ आहे, यावर त्या दिवशीचं जेवण कसं असेल ते ठरतं. वडील पेपरातून डोकं न काढता म्हणतात ते ‘बरं’ म्हणजे ऐकलेलं नाही. डॉक्टर नाडी धरून ‘बरं…’ म्हणतो तेव्हा पोटात गोळा येतो. आजी पाठीवरून हात फिरवत ‘बरं हं’ म्हणते, त्यात अर्धं दुखणं उतरतं. बाजारात भाव ऐकून बाई ‘बरं!’ म्हणून वळते, तेव्हा भाजीवाला पाच रुपये उतरवतो. हे सगळं सुरात आहे, भुवईत आहे, किती थांबून म्हटलं त्यात आहे. पडद्यावर उरतात दोन अक्षरं आणि एक टिंब. तेवढ्यावरून तुम्ही पाचवीपासूनचा संसार मोडता.

आणि प्रत्येकाला वाटतं, माझा मेसेज मात्र स्पष्ट होता. अमेरिकेत जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली या मंडळींनी हेच तपासलं, २००५ साली त्यांचा निबंध आला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एकाने काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने पाठवायची, दुसऱ्याने कुठलं कसं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना खात्री होती की शंभरात ७८ वेळा बरोबर ओळखलं जाईल. आवाज ऐकणाऱ्यांनी सुमारे ७३ वेळा ओळखलं. ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते! लिहिताना आपला सूर आपल्याच डोक्यात वाजत असतो. वाचणाऱ्याला तो ऐकू जात नाही, हे आपल्या गावीही नसतं.

समोरासमोरच्या बोलण्यात आणखी एक गंमत आहे. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधलं साधं बोलणं अभ्यासकांनी मोजलं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. एकाचा प्रश्न संपल्यावर दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी एक पंचमांश सेकंद लागतो. पापणी लवायला लागतो जेमतेम तेवढाच वेळ. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्याबरोबर चालत असतो, त्याचं वाक्य कुठे उतरणार ते आधीच जाणत असतो. याला ऐकणं म्हणतात. तुम्ही लिहिता, खोडता, मैत्रिणीला विचारता ‘हे पाठवू का?’, स्मायली बदलता, मग पाठवता. नाही आवडलं तर सगळ्यांसाठी डिलीट. नळापाशी उभ्या असलेल्या पोरासमोर मसुदा करता येत नाही, आणि तोंडातून गेलेलं डिलीट होत नाही. म्हणून तुम्ही त्याच्याकडे गेलाच नाहीत. चुकीचं बोलू या भीतीपेक्षा न बोलणं तुम्हाला सुरक्षित वाटलं. त्याला ते कसं वाटलं असेल?

भक्तीचे नऊ प्रकार तुमच्यातल्या कीर्तनाला जाणाऱ्यांना तरी माहीत असतील. श्रवण पहिलं, आत्मनिवेदन नववं. मधे सात पायऱ्या. आधी कान, मग पाय, मग हात, मग सख्य, आणि सगळ्यात शेवटी स्वतःला वाहून टाकणं. तुम्ही थेट नवव्या पायरीवर जाऊन बसलात, तेही निवेदन म्हणजे जाहिरात असा अर्थ घेऊन. पहिली पायरी मोकळीच पडली आहे, केर साचलाय तिच्यावर.

ही दुरुस्ती फार अवघड नाही, हे सांगायला हवं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या याल्डा उल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावीची ५१ मुलं पाच दिवस निसर्गशिबिरात ठेवली, मोबाइल नाही, टीव्ही नाही. त्याच शाळेतली ५४ मुलं घरी नेहमीसारखी राहिली. आधी आणि नंतर दोन्ही गटांना चेहऱ्यांचे फोटो आणि मुक्या चित्रफिती दाखवून विचारलं, या माणसाला काय वाटतंय? पाच दिवसांत शिबिरातली मुलं दुसऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. २०१४ साली हे छापून आलं. मोबाइल सुटल्यामुळे की सगळी एकत्र राहिल्यामुळे, यावर पुढे प्रकल्प करा. पण पाच दिवस! एनएसएसचं शिबिर सात दिवसांचं असतं, आणि तिथे तुम्ही रेंजसाठी टेकडीवर चढता.

मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘सर, सगळंच वाईट नाही.’ मोठ्याने म्हण की. बरोबर आहे तुझं. आपल्या वर्गात एकाची जीभ अडखळते. तो चॅटवर भरभरून, सुंदर लिहितो, आणि तिथे त्याला कुणी हसत नाही. वाडीवरून दोन तास चालत-बसत येणाऱ्या एका मुलीला कविता करणाऱ्या मैत्रिणी त्याच मोबाइलमधून मिळाल्या. त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. त्यांना दार नव्हतं, त्यांनी खिडकी केली. तुमच्या घराला दार आहे, आणि तुम्ही खिडकीतून हात हलवून परत फिरता.

आणि आता माझं ऐका. त्या रात्री ४१ श्रद्धांजली पडल्या, त्यातली सतरावी माझी आहे. मी जेवायला बसलो होतो. डाव्या हाताने ते दोन हात पाठवले आणि उजव्या हाताने घास घेतला. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं, मग पेपर तपासायचे होते, मग शनिवार आला. १६ दिवस. ४५ जणांना जाब विचारतोय तो मास्तरही गेलेला नाही. त्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटली नव्हती. शेजारच्या बाईने पिठलं-भात करून आणला, भांडी घासून ठेवली, रात्री त्याच्या आईजवळ झोपली. त्या बाईंकडे बटणांचा मोबाइल आहे. श्रद्धांजली वाहायची त्यांची राहूनच गेली.

म्हणून आज कॉलेज सुटल्यावर मी जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, पण वरात नको. रोज तिघे-तिघे जाऊ. फोन इथे, माझ्या टेबलावर राहतील. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही, पण काही गोष्टी तुम्हाला घरी कुणी सांगितल्या नसतील म्हणून सांगतो. चपला नीट काढायच्या. त्याच्या आईला आधी भेटायचं, आपण कोण ते सांगायचं. ‘कसं झालं?’ असं विचारत बसायचं नाही. ती सांगू लागली तर मधे बोलायचं नाही, मग ती तेच तीनदा सांगो. काही सुचलं नाही तर सुचलं नाही. बसून राहायचं. सतरंजीवर त्याच्या शेजारी बसलात तरी पुष्कळ आहे. तो रडला तर इकडेतिकडे बघायचं नाही. तो हसला, क्रिकेटचं काही बोलला, तर तुम्हीही बोला, धक्का बसल्यासारखं तोंड करू नका. माणूस दुःखातसुद्धा मॅच बघतो. सुटलेल्या वह्या दोघींनी उतरवून द्यायच्या, हाताने, फोटो काढून नव्हे. पाचव्या बाकावरच्या दोघी हे काम करतील. एकत्र बसून.

आणि निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. अशा घरातून उठताना आपल्याकडे ‘येतो’ म्हणत नाहीत. नुसतं उठायचं. तो दारापर्यंत आला तर येऊ द्यायचा.

आता हजेरी. आज नंबर पुकारला की ‘प्रेझेंट सर’ म्हणताना माझ्याकडे बघायचं. मी बघतोय.

एक नंबर.